सायकल, घंटा आणि दोर धरणारे हात

या व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आम्हाला विषय विचारला, तेव्हा ऊसतोडीची मजुरी, मुकादमाची उचल किंवा हमालांचा माथाडी कायदा यांपैकी काहीतरी येणार असे त्यांनी गृहीत धरले होते. आम्ही ‘सायकल आणि घंटा’ असे लिहून पाठविले. त्यावर त्यांचे उलट टपाली उत्तर आले, की सायकलीची घंटा हा विषय तासभर पुरेल काय? आमच्या मनात सायकलीची घंटा नव्हती, गावाची होती. परंतु पुढे सायकलीच्या घंटेवरही येणे झाले, ते ओघाने सांगू.

आमचे शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते संघटनेच्या कचेरीतल्या कपाटाने केले. बीड जिल्ह्यात आम्ही तीस वर्षे कामगारांची संघटना बांधीत हिंडलो, आणि ते हिंडणे बव्हंशी सायकलीवरून झाले. पहिली काही वर्षे पैसे नव्हते म्हणून सायकल होती. नंतर कार्यकर्त्यांनी वर्गणी करून मोटारसायकल घेऊन देण्याचा ठराव केला, तो आम्हीच मोडून काढला. कारण तोवर आमच्या ध्यानात आले होते, की मोटारसायकलीवरून गाव नुसते दिसते, सायकलीवरून ते ऐकू येते. जात्याचा आवाज गेला, मोटेचा गेला. पण पिठाची गिरणी, भजनाचे टाळ, भांडण, शाळेतली पाढ्यांची ओरड आणि देवळातली घंटा हे सर्व वेशीच्या बाहेरूनच कळते. सभा कोठे घ्यावी, केव्हा घ्यावी, लोक येतील की नाही, हे आम्ही पुष्कळदा वेशीबाहेर एक पाय जमिनीला टेकवून ठरविले आहे.

पाटोदा, शिरूर, आष्टी, धारूर, वडवणी या बाजूच्या माणसाला वेगळे सांगावयास नको, की दसरा झाला की गावे ओस पडू लागतात. कारखान्यांचे बॉयलर पेटतात. मुकादम ट्रॅक्टर घेऊन येतो आणि नवराबायकोचा एक कोयता, असे कोयत्यामागून कोयते पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे चालू लागतात. मागे म्हातारीकोतारी राहतात. अशा दिवसांत संध्याकाळी सायकलीवरून जाताना आम्हाला प्रथम जाणवले ते हे, की घंटेचे टोले मोजके झालेले असतात. भरल्या गावात दिवेलागणीला देवळापुढून जाणारा प्रत्येक जण घंटेला हात लावतो, पोरे तर उड्या मारून लावतात. तेथे पौषात एकच टोला पडे, तोही हलका. हात म्हाताऱ्याचा आहे हे लांबून कळे. एका वाडीत तर तोही पडला नाही. आम्ही चौकशी केली, तेव्हा नेमाने देवाला जाणारी आजीच त्या वर्षी नातवंडे सांभाळायला फडावर गेली होती.

घंटा न वाजणे ही बातमी असते, हे आम्ही असे शिकलो.

पुढे वाचनात आले, की इंग्लंडात एकदा साऱ्या देशाने ही बातमी ऐकली होती. १९४० च्या जूनमध्ये तेथील सरकारने चर्चच्या घंटा बंद केल्या. शत्रूचे सैन्य किनाऱ्याला किंवा आकाशातून उतरले तरच त्या वाजवावयाच्या, असा हुकूम होता. सुमारे अडीच वर्षे गावे मुकी राहिली. १९४२ च्या नोव्हेंबरात एल अलामीनच्या विजयासाठी घंटा वाजल्या, आणि पुढल्या वर्षी बंदी उठली. हे वाचून आम्हाला प्रश्न पडला, की एका देवळाची घंटा बंद करायची तर पुजाऱ्याला सांगितले की झाले. पण तेथे घंटा बंद ठेवण्याने हजारो माणसांना चुकल्यासारखे का व्हावे? शोध घेता कळले, की तेथे घंटा वाजविणे हे पुजाऱ्याचे काम नाही. ते गावच्या मंडळींचे काम आहे, आणि त्याची मोठी विद्या आहे.

ती विद्या थोडक्यात अशी. इंग्लंडात पाच हजारांहून अधिक मनोऱ्यांत लहानमोठ्या घंटांचे संच टांगलेले आहेत. कोठे पाच, कोठे सहा, कोठे आठ, मोठ्या ठिकाणी बारा. प्रत्येक घंटा एका मोठ्या लाकडी चाकाला जखडलेली असते आणि चाकावरून दोर खाली येतो. सुरुवातीला घंटेचे तोंड वर, आभाळाकडे करून ठेवतात. दोर ओढला की घंटा पूर्ण गिरकी घेऊन पुन्हा तोंड वर करून थांबते, आणि त्या गिरकीत लोलक एकदाच आदळतो. म्हणजे एका ओढीला एक टोला. पुढची ओढ उलट गिरकीची. दोराला माणसाच्या उंचीवर लोकरीचा जाड रंगीत गोंडा विणलेला असतो, तो धरून पहिली ओढ घ्यावयाची. दुसरी ओढ दोराच्या टोकाने. लिव्हरपूलच्या थोरल्या चर्चमधील सर्वांत जड घंटा चार टनांहून अधिक वजनाची आहे आणि तीही माणसेच फिरवितात. यात बळाचे काम थोडे, तोलाचे फार. घंटा तोंड वर करून उभी असते तेव्हा तिला किंचित अडवून धरता येते किंवा किंचित आधी सोडता येते. शाळकरी मुलगी शिकली तर अर्ध्या टनाची घंटा चालविते. आणि पैलवान न शिकता गेला, तर दोर त्याला उचलून नेतो.

आता मुख्य गंमत. इतक्या जड वस्तूवर गाणे वाजविता येत नाही, कारण घंटेला मनात येईल तेव्हा वाजविता येत नाही. तिची गिरकी पूर्ण व्हावी लागते. फार तर ती एका जागेने पुढे किंवा एका जागेने मागे सरकू शकते. या अडचणीतून त्या लोकांनी मार्ग काढला तो असा. समजा तीन घंटा आहेत. बारीक आवाजाची १, मधली २, जाड आवाजाची ३. प्रथम १२३ असे वाजवावयाचे. मग पहिल्या दोघींनी जागा बदलल्या, २१३. मग शेवटच्या दोघींनी, २३१. पुन्हा पहिल्या दोघींनी, ३२१. मग ३१२, मग १३२, आणि पुन्हा १२३, आलो घरी. तीन घंटांचे सहाच क्रम होतात, ते सर्व येऊन गेले, एकही दोनदा आला नाही. चार घंटांचे २४ होतात, पाचांचे १२०, सहांचे ७२०, सातांचे ५०४०. हे ५०४० क्रम वाजवावयास सुमारे तीन तास लागतात. आठ घंटांचे ४०,३२० होतात. १९६३ च्या जुलैमध्ये लफबरो गावच्या घंटांच्या ओतशाळेतील मनोऱ्यात आठ जणांनी तेही पुरे केले; १७ तास ५८ मिनिटे एकाही माणसाने दोर सोडला नाही. बाराचा हिशेब ज्यांना हौस असेल त्यांनी घरी करावा. सत्तेचाळीस कोटींच्या वर जातो, आणि वाजवीत बसल्यास तीस वर्षे पुरणार नाहीत.

समोर कागद ठेवण्याची चाल नाही. प्रत्येकाने आपल्या घंटेचा रस्ता पाठ करावयाचा, आणि त्या रस्त्यावर केव्हा कोणाच्या मागून जावयाचे ते कानाने आणि डोळ्याने धरावयाचे. एक जण म्होरक्या असतो, तो मधून ठराविक शब्द ओरडून रस्ता बदलायला सांगतो. पण म्होरक्याच्या हातातही एकच दोर, आणि एका ओळीत त्याचाही एकच टोला. आमच्या धंद्याच्या माणसाला हे वाचून काय वाटले असेल हे श्रोत्यांनी ओळखावे. आम्ही अशी पुष्कळ कार्यकारी मंडळे पाहिली आहेत, की जेथे अध्यक्ष एका ओळीत सात टोले मारतात आणि उरलेल्यांनी एकेक मारला तरी त्यांना तो गोंगाट वाटतो.

या विद्येवरचे पहिले पुस्तक लंडनमध्ये १६६८ साली निघाले. ते प्रसिद्ध करणारा आणि १६७७ साली दुसरे स्वतः लिहिणारा फेबियन स्टेडमन हा छापखान्यात उमेदवारी केलेला माणूस होता. खिळे जुळविणाऱ्या हाताला अक्षरांची उलटापालट नवी नसणार, हा आमचा तर्क. पुरावा मागू नये. या मंडळींच्या खोड्याही होत्या. मनोऱ्यात बिअरचा बुधला, पाद्र्याशी भांडण, खाली प्रवचन सुरू होताच वरच्या वर पोबारा, असे सर्व प्रकार एकोणिसाव्या शतकात इतके वाढले, की पाद्र्यांना मनोऱ्यांना कुलपे लावावी लागली आणि मग समजुतीने नियम करावे लागले.

यात सायकल आली ती १८८५ नंतर. त्या साली कॉव्हेंट्रीच्या स्टार्लीने दोन सारख्या चाकांची, साखळीवर चालणारी सायकल बाजारात आणली, आणि १८८८ साली डनलॉपने तिला हवेची धाव दिली. शनिवारची अर्धी सुटी कामगारांनी झगडून मिळविलीच होती. सुटी हाती होती, सायकल आली, आणि इंग्लंडातली गावे अशी जवळजवळ, की एका दिवसात पाचसहा मनोरे सहज व्हावेत. घंटा वाजविणाऱ्यांनी सायकली काढल्या आणि परगावच्या मनोऱ्यांत जाऊन तेथील दोर धरून पाहण्याची चाल पडली. सकाळी एका गावी, दुपारची भाकरी दुसऱ्या, अंधार पडायच्या आत तिसऱ्या. प्रत्येक घंटेचा स्वभाव निराळा, दोराची लांबी निराळी. वाटेत घाम गाळावयाचा आणि पोचल्यावर तोल सांभाळावयाचा. त्याच सुमारास, १८९४ साली, बर्मिंगहॅमच्या काही तरुण समाजवाद्यांनी ‘क्लॅरियन’ या पत्राच्या नावाने सायकल मंडळ काढले. ते गिरण्यांच्या शहरांतून खेड्यांत जात आणि पत्रके वाटीत. हे घंटा वाजविणारे नव्हेत; पण त्याच रस्त्यांवरून त्याच रविवारी दोन्ही टोळ्या समोरासमोर येत असतील, आणि आम्हाला विचाराल तर आम्ही दोन्हींत सामील झालो असतो.

हे सर्व परदेशी, येथे त्याचे काय, असे कोणी म्हणेल. तर पुण्यात गुरुवार पेठेत पंचहौदाचे पवित्र नाम देवालय आहे. मराठी वाचकाला पंचहौद आठवतो तो १८९० सालच्या चहामुळे. टिळक, रानडे प्रभृतींनी तेथे चहा घेतला म्हणून ग्रामण्य माजले. पण त्याच आवारात उंच, निराळा उभा असलेला मनोरा आहे आणि त्यात लफबरोच्याच टेलर कंपनीने ओतलेल्या आठ घंटा या इंग्रजी पद्धतीने चाकावर टांगलेल्या आहेत. मुंबईस कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्येही त्याच ओतशाळेच्या आठ आहेत. चहाच्या पेल्यावरून शहरभर गदारोळ झाला, आणि तेथल्या मनोऱ्यातल्या गणिताकडे मात्र फारसे कोणी वळून पाहिले नाही!

आपल्याकडे घंटा स्थिर असते आणि लोलक हलतो. वाजविणारा एकेकटा येतो, एक टोला देतो, आपण आल्याची वर्दी देतो आणि जातो. मात्र आपल्या कित्येक देवळांत चर्चच्याच घंटा आहेत. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली, आणि तेथील घंटा मराठ्यांनी ठिकठिकाणच्या देवळांना दिल्या. भीमाशंकरला आहे, नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या घाटावर जी टांगली आहे, तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती ओतलेली स्पष्ट दिसते. घंटेचे कासे म्हणजे तांबे साधारण अठ्ठ्याहत्तर भाग आणि कथील बावीस. तोफेच्या धातूतही हेच दोन, कथील मात्र दहाव्या हिश्शाच्या आसपास. त्यामुळे युरोपात लढाई झाली की घंटा वितळवून तोफा ओतण्याची वहिवाट होती. मराठ्यांना तोफा नको होत्या असे नव्हे. तरीही या घंटा वाजत्या राहिल्या, आणि मेरीची आकृती कोणी कानशीने घासून काढली नाही. याचे आम्हाला फार कौतुक वाटते.

परंतु कौतुकाच्या भरात एक गोष्ट झाकून जाऊ नये. दुसऱ्याच्या धर्माची घंटा देवळात चालली, आणि गावातल्याच काही माणसांचा हात मात्र तिला चालला नाही. १९३० साली नाशिकला काळारामाच्या दारात सत्याग्रह झाला, १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना पंढरपुरास उपोषण करावे लागले. आमच्या वडिलांनी आमच्या गावच्या देवळातली घंटा जन्मभर बाहेरून ऐकली. आम्ही आयुष्यात पहिली घंटा वाजविली ती शाळेची. रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा लिंबाला टांगलेला होता आणि गुरुजींनी एके दिवशी लोखंडी दांडा आमच्या हाती देऊन ‘दे टोले’ म्हटले. दहा द्यावयाचे ते आम्ही चौदा दिले. गुरुजी रागावले नाहीत. देवळाच्या घंटेला हात लावला तो पुढे, विशीत, आणि तेव्हा आजूबाजूला पाहून लावला.

म्हणून आम्ही ठरविले, की वसईची जी घंटा आपल्याला जवळ, तेथवर सायकलीने जावयाचे आणि वाटेतल्या गावांच्या घंटा ऐकत जावयाचे. भीमेकाठी सिद्धटेकच्या गणपतीला वसईची घंटा आहे असे सांगतात. आमच्यासह तिघे निघालो: एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, एक सायकल दुरुस्त करणारे मिस्त्री, आणि आम्ही. दिवस चैत्राचे होते. कारखान्यांचा पट्टा पडला होता आणि माणसे गावी परतलेली होती.

बीडहून पहाटे चारला निघालो. मांजरसुंब्याचा घाट उन्हापूर्वी चढणे हाच शहाणपणा. आम्ही चढावर उतरून चाललो, यात लाज बाळगण्यासारखे काही नाही. घाटात आमची साखळी तुटली. मिस्त्रींनी दगडावर ठेवून पिन ठोकली आणि ‘या साखळीला तेल कधी दाखविले होते?’ एवढेच विचारले. वर बालाघाटाच्या माथ्यावर वारा मोकळा. लिंबागणेशला गणपतीच्या देवळात काकडे होऊन गेले होते, तरी मुलांचे घंटेशी चाललेच होते. पाटोद्याच्या अलीकडे एका वाडीशी आम्ही थांबलो. पौषात जेथे टोला पडला नव्हता तीच ही वाडी. वेशीबाहेर टायरच्या बैलगाड्या उलट्या टेकवून ठेवलेल्या, बैलांच्या घुंगरमाळा खुंटीला. आणि देवळात घंटा अशी चालली होती, की मास्तर म्हणाले, ‘कोणीतरी मोडणार आता.’ आजी परतली होती. तिनेच पाणी दिले.

सौताड्याला रामेश्वराच्या दरीवर सावलीत भाकऱ्या सोडल्या. पावसाळ्यात येथे विंचरणेचा धबधबा असतो, चैत्रात नुसता कातळ. जेवण झाल्यावर आम्ही तीन सायकली ओळीने उभ्या केल्या, कारण एक बेत मनात होता. मिस्त्रींच्या सायकलीची घंटा नवी, आवाज बारीक. ती एक नंबर. मास्तरांची दोन. आमची जुनी, टोपी चेपलेली, बद्द बोलणारी, ती तीन. मातीत काडीने सहा ओळी लिहिल्या आणि सुरू केले. १२३ आले. २१३ आले. २३१ ला मास्तर थांबले, कारण मिस्त्री त्यांच्यावर चढले. पुन्हा पहिल्यापासून. या वेळी आम्हीच ३२१ मध्ये दोनदा वाजविले. मास्तर म्हणाले, की तुम्हाला चौदा टोल्यांची जुनी खोड आहे. अर्धा तास असा गेला. गुराखी पोरे जमली. मग मिस्त्रींनी खरी किल्ली सांगितली: आकडे पाहू नका, आपल्या आधी कोण वाजले ते ऐका. आम्ही मातीवरच्या ओळी पायाने पुसल्या, आणि सहाच्या सहा क्रम पुरे होऊन पुन्हा १२३ वर आलो. पोरांपैकी एकीने, असेल दहा वर्षांची, मास्तरांना बाजूला व्हायला सांगून दोन नंबरची घंटा घेतली. तिला तिसऱ्या खेपेलाच जमले. कोठल्या कारखान्यावर होतीस म्हणून विचारले, तर गावाचे नाव तिला ठाऊक नव्हते. उसाच्या फडात होते, म्हणाली.

सौताड्याचा घाट उतरून पहिला मुक्काम जामखेडला केला. दुसऱ्या दिवशी कर्जतवरून राशीन, आणि राशीनच्या देवीचे दर्शन घेऊन उतरत्या उन्हात सिद्धटेक. पाय हलत नव्हते. भीमेचे पाणी पात्राच्या मधोमध आले होते. घंटा पाहिली. तिच्याखाली उभे राहून आम्ही वर आत पाहिले. लोलक ज्या जागी आदळतो तेथे धातू घासून उजळ झालेला होता. पाठीमागे दर्शनाची रांग होती. आम्ही पुजाऱ्यांना विचारले, की एक टोला दिला तर चालेल का? त्यांनी आमच्याकडे नवलाने पाहिले. विचारता काय, म्हणाले, सगळेच देतात. मास्तरांनी दिला, मिस्त्रींनी दिला. मग आम्ही दिला, आणि आवाज पुरता विरेपर्यंत तिघेही तेथेच उभे राहिलो. रांगेतल्या एका बाईंनी पुढे सरका म्हणून सांगेपर्यंत.